काखेतली कळी

डगला उलटा करून शिवणबाईनं डाव्या काखेतली शिवण उसवायला घेतली, तेव्हा घडीमामा समोरच्या लांब टेबलावर चादरींच्या घड्या घालत होते. त्यांची पाठ तिच्याकडे होती, म्हणूनच तिनं हे काम आत्ता काढलं होतं. ब्लेडचं टोक टाक्यात घालायचं, उचलायचं, तोडायचं. सव्वीस वर्षांत इतक्या शिवणी उसवल्या होत्या की बघायचीही गरज नव्हती. तरी आज ती बघत होती, आणि प्रत्येक टाका सुटला की जरा थांबत होती.

"आटला का डगला?" मामांनी पाठ न वळवता विचारलं.

"आटला."

"सहा वर्षांनी?"

"मग मीच सुटले असेन."

"सुटलात कुठं, वाळलायत उलट," मामा म्हणाले आणि पुढची चादर ओढली.

तळघरातली ही खोली म्हणजे रुग्णालयाचा कपडेखाना. वर सहा मजल्यांवर माणसं जन्मत होती, मरत होती, बरी होऊन घरी जात होती. त्या सगळ्यांच्या अंगाखालचं आणि अंगावरचं कापड धुऊन इथं खाली यायचं. फाटलेलं शिवणबाईच्या मशीनवर, धड असलेलं मामांच्या टेबलावर. तिला तिच्या नावानं हाक मारणारं रुग्णालयात कुणी उरलं नव्हतं. नोकरीला लागली त्या आठवड्यात कुणीतरी शिवणबाई म्हणालं आणि ते नाव अंगाला मापात बसलं.

तिनं हिरव्या कापडाचा चौकोनी तुकडा घेतला आणि उसवलेल्या जागी टाचला. शिवणकामात याला कळी म्हणतात. हात वर करताना काखेत कापड ताणू नये म्हणून घालायची. डाव्या काखेत कळी बसली. उजवीकडे तिनं हातही लावला नाही. तिथं काही दुखत नव्हतं.

आठ दिवसांपूर्वी अंघोळ करताना साबणाचा हात डाव्या काखेत गेला आणि कशालातरी अडला. कोटाचं मोठं बटण कुणी कातडीखाली शिवून ठेवावं, तसं. तिनं हात काढला, पुन्हा घातला. बटण तिथंच होतं. तांब्यातलं पाणी ओतायचं राहून गेलं. अंगावर साबण सुकेपर्यंत ती पाटावर बसून राहिली. बाहेरून नवऱ्यानं दोनदा विचारलं की आत झोप लागली का.

चार दिवसांत बटणाचं लिंबू झालं.

शिवणबाईला हे शिवणकाम आईनं शिकवलं होतं. ती तेरा वर्षांची असताना एकदा आई म्हणाली, "माझ्या या झग्याला डाव्या काखेत कळी घाल गं, हात वर होत नाही." त्याआधी तिनं कळी कधी घातली नव्हती. आईनं शेजारी बसून कापड तिरकं कसं धरायचं ते दाखवलं. झाल्यावर हात वर करून बघितला आणि म्हणाली, झकास. पोरीला दिवसभर कोण आनंद. चार महिन्यांनी आईनं त्याहून मोठी कळी मागितली. तीही तिनं घातली, पहिलीपेक्षा सुबक. तिसरी मागायला आई राहिली नाही.

कळी का लागते, हे तिनं आईला विचारलं नव्हतं. तेरा वर्षांच्या मुलीला शिवण सरळ येण्याचीच काळजी असते. त्यानंतर एकेचाळीस वर्षं ती कळ्या घालत आली, आणि दर वेळी, एकही चुकवली नाही, तो प्रश्न तिनं गिऱ्हाइकाला विचारला. लोकांना वाटे, बाई मापाची पक्की आहे.

रुग्णालयात राहून रुग्णालयाची भीती वाटणं हे तसं हसण्यासारखंच. पण वरच्या माणसांना भीती वाटते ती न कळण्याची, आणि तिला सगळं कळत होतं. ऑपरेशनला अंगावर घालायच्या हिरव्या चादरी तीच शिवायची. त्यांना मधोमध भोक असतं. जेवढं कापायचं तेवढंच भोकातून दिसतं, बाकी माणूस झाकलेला. पोटाच्या चादरीचं भोक ताटाएवढं. डोळ्याच्या चादरीचं बाटलीच्या बुचाएवढं. आणि मधलं एक माप होतं, बशीएवढं. त्याला ती आणि मामा 'बशी'च म्हणायचे. बशी छातीतल्या, काखेतल्या गाठींना लागते हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून तेवढ्या एका मापावर त्यांनी कधी विनोद केला नव्हता.

संध्याकाळी अंगात कणकण असायची. घरी जाताना पायऱ्यांवर दोनदा थांबावं लागायचं. ती वर जाऊन कुणाला दाखवत नव्हती. उद्या जाऊ, म्हणायची. उद्या आला की मशीनवर पडदे असायचे.

घरी नवरा आणि बॉबीन.

नवरा त्याच रुग्णालयात एकोणतीस वर्षं लिफ्टच्या स्टुलावर बसला होता. अजून त्यांना सगळे लिफ्टवालेच म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि खाटेवर बसले ते बसलेच. वर जायचं की खाली, हे कुणी सांगितल्याशिवाय या माणसाला हलताच येत नाही, असं शिवणबाई लेकीला फोनवर सांगायची. सांगताना हसायची, फोन ठेवला की हसू जायचं. कारण ते खरंच होतं. सकाळी दाढी नाही, दुपारी जेवण वाढलं तर जेवण. भिंतीकडे असे बघायचे जणू दार उघडायचं राहिलंय.

मग तीन महिन्यांपूर्वी कपडेखान्यातल्या चिंध्यांच्या टोपलीत एक मांजरीचं पिल्लू सापडलं. मूठभर, राखी रंगाचं, अंगात पिसवा. त्याच आठवड्यात मेट्रनबाईंची नोटीस लागली होती: तळघरात मांजर आढळल्यास संबंधित कर्मचाऱ्यावर कडक कारवाई. शिवणबाईनं पिल्लू डगल्याच्या आत घातलं, वरून हात घडी करून धरला आणि दारावरच्या रखवालदाराला "पोट दुखतंय" सांगून घरी आली. मांडीवर सोडलं तेव्हा लिफ्टवाले म्हणाले, हे काय आणखी. दुसऱ्या दिवशी पिल्लानं मशीनमधली बॉबीन पळवली आणि खाटेखाली नेली. ती काढायला लिफ्टवाले गुडघ्यावर बसले. त्यानंतर पिल्लाचं नाव बॉबीन पडलं आणि लिफ्टवाले रोज सकाळी सहाला उठायला लागले, कारण बॉबीन त्यांच्या छातीवर चढून ओरडायची. ते जुन्या कंगव्यानं तिच्या पिसवा काढत बसायचे. दाढीही करायला लागले. ही मांजर म्हणजे घरात आलेलं औषध होतं.

गाठ हाताला लागली त्या आठवड्यात शिवणबाई नवऱ्याला एकेक गोष्ट शिकवायला लागली. डाळ किती वेळ शिजते. रॉकेलची बाटली कुठं असते आणि औषधाची कुठं, आणि दोन्ही एका फळीवर का ठेवायच्या नाहीत. एका संध्याकाळी तिनं त्यांना सुईत दोरा ओवायला बसवलं. त्यांनी चष्मा लावला, काढला, दोऱ्याला थुंकी लावली. बॉबीन दोऱ्याचं दुसरं टोक ओढत होती. पंधरा मिनिटं झाली.

"लेकीकडं चाललीस का?" त्यांनी विचारलं.

"कशावरून?"

"मग मला बटणं लावायला का शिकवतेस?"

तिनं सुई त्यांच्या हातातून घेतली आणि एका फटक्यात ओवली. म्हणाली, शिकलेलं वाया जात नाही.

कळीचं बिंग मामांनीच फोडलं. शनिवारी कर्मचाऱ्यांचे डगले धुऊन आले आणि ते घड्या घालत होते. मामांचे हात म्हणजे डोळेच. तीस वर्षांत त्यांनी कापडाच्या घडीत राहिलेल्या कात्र्या, चमचे, एकदा तर कुणाची तरी कवळीसुद्धा नुसत्या स्पर्शानं पकडली होती. तिचा डगला त्यांनी अर्धा घडी केला आणि थांबले. डावी बाही उजवीवर ठेवली. पुन्हा उघडली.

"बाई," ते हळू म्हणाले, "माणूस एकाच बाजूनं सुटत नाही."

ती मशीन चालवत राहिली. खाली कापडच नव्हतं, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

मामांनी डगला तिच्या पुढ्यात ठेवला. ओळखीतलं कुणी असंच गेलं, असलं काही त्यांनी सांगितलं नाही, धीरही दिला नाही. म्हणाले, सोमवारी मी नंबर लावून ठेवतो, तुम्ही आठ वाजता या. आला नाहीत तर हा डगला मी घडी करणार नाही, चोळामोळा करून ठेवीन. मामांच्या तोंडून याहून मोठी धमकी कुणी ऐकली नव्हती.

डॉक्टरीणबाई वयानं तिच्या लेकीएवढ्या. बोटं गार होती, पण हलकी. त्यांनी गाठ दाबली तेव्हा शिवणबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. किती दिवस झाले, ताप येतो का, वजन उतरलं का, घरात आधी कुणाला होतं का. तिनं आईचं सांगितलं. मग सोनोग्राफी झाली, छातीचा फोटो झाला. छातीत काही दिसत नव्हतं. काखेत मात्र एक मोठी आणि तिच्या बाजूला दोन लहान गाठी.

"या हाताला मध्यंतरी काही लागलं होतं? जखम, ओरखडा?"

"सुईचा हात आहे, डॉक्टर. लागतं ते रोजचंच."

हे तिनं खोटं सांगितलं नाही. डावा हात कापड धरतो, तेव्हा सुईही त्यालाच लागते. बोट तोंडात घालायचं, चिंधी गुंडाळायची आणि पुढची शिवण घ्यायची. कुठला व्रण कधीचा, याचा हिशेब ठेवणारी शिवणबाई अजून जन्माला यायची होती. अंगठ्याच्या मुळाशी एक लालसर फोड महिनाभर होता, तोही तिनं असाच सुईच्या खात्यात टाकला होता.

"घरात काही प्राणी? कुत्रं, मांजर?"

डोळ्यांसमोर मेट्रनबाईंची नोटीस आली आणि डगल्याच्या आतलं ते ऊबदार वळवळणं आलं. निवृत्तीला चार वर्षं होती. मांजराचा इथं संबंध काय, हेही तिला कळेना.

"नाही," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. मग नीट समजावलं. गाठीची कारणं पुष्कळ असतात, पण तुमचं वय आहे, आईचं तसं झालेलं आहे, तेव्हा अंदाजावर राहायचं नाही. एक गाठ काढून तपासायला पाठवू. परवा, बुधवारी.

मंगळवारी दुपारी ऑपरेशन थिएटरमधून खाली चिठ्ठी आली. मामांनी वाचली आणि खिशात घातली. शिवणबाईनं हात पुढे केला. मामा म्हणाले, काही नाही, उशांचे अभ्रे हवेत. तिनं हात मागे घेतला नाही. शेवटी त्यांनी चिठ्ठी दिली. मधल्या मापाच्या भोकाच्या चादरी, दोन. तातडीनं. आधीच्या विरल्या आहेत.

"मी शिवतो," मामा म्हणाले.

"तुम्हाला भोकाचा काठ दुमडता येतो का?"

त्यांना येत नव्हता. तिनं हिरवं कापड पसरलं, बशी ठेवली, खडूनं गोल काढला. कातर एकदा खाली ठेवली, पुन्हा उचलली. मग काठ दोनदा दुमडून बारीक टाक्यानं शिवला. कातडीला टोचता कामा नये, असा आतला काठ असावा लागतो. आजवर हे ती नियम म्हणून करत होती. आज तिनं बोट फिरवून बघितलं, मग गाल लावून बघितला.

त्या संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं. लिफ्टवाले बॉबीनला मांडीवर घेऊन बसले होते. तिनं डाळीखालची शेगडी विझवली, त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि भिंतीकडे बघत सगळं सांगून टाकलं. बटण, लिंबू, आईची कळी, उद्याची बशी. मग त्यांनी तिचा डावा हात ओढून घेतला आणि अंगठ्याखालच्या डागावर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

"सुई लागली असेल."

"सुई नाही. मी इथंच होतो. ही शेगडीवर दुधाच्या पातेल्यात तोंड घालायला गेली, तू मानगूट धरून उचललीस आणि हिनं नख मारलं. रक्त आलं. तू चिंधी गुंडाळलीस आणि लगेच मशीनवर बसलीस."

तिला आठवेना. मग आठवलं, पण दुसऱ्याच कुणाचं असावं तसं.

लिफ्टवाल्यांचा चेहरा पांढरा पडला होता. आता एक सांगायला हवं. एकोणतीस वर्षं लिफ्टमध्ये बसलेल्या माणसानं साऱ्या रुग्णालयाची बोलणी ऐकलेली असतात, पण अर्धी. कुणाचं लग्न ठरलं हे कळतं, मोडलं की झालं हे कळत नाही. मजला येतो आणि माणसं बोलत बोलत उतरून जातात.

"मुलांचे डॉक्टर होते बघ, जाड भिंगाचे. ते एकदा दुसऱ्या डॉक्टरांना सांगत होते. एक मुलगी आली होती म्हणे, काखेत ही एवढी गाठ, ताप. सगळे घाबरलेले. आणि शेवटी निघालं काय, तर घरातलं मांजर. नख लागलं होतं. मांजराच्या पिसवांतला कसला तरी जंतू."

"मग?" तिनं विचारलं. "मुलगी बरी झाली?"

"तिसरा मजला आला."

"तुम्ही विचारलं नाहीत?"

"लिफ्टवाल्यानं विचारायचं असतं का?"

बॉबीन त्यांच्या मांडीवर उताणी होऊन आळोखेपिळोखे देत होती. तिच्या पंजातून नखं बाहेर आली आणि आत गेली. शिवणबाईनं ती नखं पहिल्यांदाच पाहिली. सुईसारखी बारीक. तिला भीती वाटली, आणि त्याहून मोठी भीती वाटली ती आशेची. इतके दिवस ती एका बाजूला चालली होती. डाळ, बटणं, फळीवरच्या बाटल्या, सगळं लावून ठेवलं होतं. आता हा माणूस अर्धं वाक्य घेऊन आला होता. धरायचं तरी किती? उद्या ते खोटं निघालं तर पुन्हा पहिल्यापासून घाबरावं लागणार. आणि सांगायचं म्हणजे आधी, मी खोटं बोलले, असं म्हणायला हवं.

सकाळी ती निघाली तेव्हा लिफ्टवाल्यांनी दाढी केली होती. म्हणाले, तू हो पुढं, मी येतो. त्यांच्या आवाजात काहीतरी होतं, पण स्वतःच्या भीतीनं कान भरलेले असले की दुसऱ्याची ऐकू येत नाही.

थिएटरबाहेर तिला पेशंटचा झगा दिला. तिनंच शिवलेला. तिच्या हातचा टाका ती अंधारातही ओळखेल. मागून बांधायचे बंद असतात. तिनं हात मागे नेले, डाव्या काखेत कळ आली, आणि बंदाची टोकं एकमेकांना पोचेनात. सव्वीस वर्षं ती रुग्णालयानं दिलेल्या मापानं बंद कापत होती. ते आखूड आहेत, असं कुणी वरून खाली कळवलं नव्हतं. ज्याला झगा घालायची पाळी येते तो तक्रार करण्याच्या अवस्थेत नसतो. ती झगा पाठीमागे मुठीत धरून टेबलापर्यंत गेली.

वर दिवे होते. हात डोक्यावर घ्यायला सांगितला. हिरवी चादर आली, नवी, कालची. बशी बरोबर काखेवर बसली. काठ टोचत नव्हता. कापसाचा गार बोळा फिरला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मावशी, आता मुंगी चावल्यासारखं होईल.

तिला आई आठवली, हात वर करून झकास म्हणणारी. आईला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि आईनं सांगितलं नव्हतं.

"थांबा," शिवणबाई म्हणाली.

चादरीखालून आवाज जरा मोठाच आला. सगळे थांबले.

"मी खोटं बोलले. मांजर आहे आमच्याकडे. इथलंच, तळघरातलं. नोटीस लागलेली असताना मी नेलं. त्याचं नख लागलं होतं मला, या हाताला. महिना झाला असेल." तिला श्वास घ्यावा लागला. "मेट्रनबाईंना सांगायचं तर सांगा."

कुणीतरी चादर बाजूला केली. डॉक्टरीणबाईंनी तिचा हात दिव्याखाली धरला, अंगठ्याखालचा डाग बघितला, बोटानं दाबला, पुन्हा बघितला. इंजेक्शन ट्रेमध्ये ठेवल्याचा टक्क आवाज झाला.

"मावशी," त्या म्हणाल्या, "ते राखी पिल्लू मीसुद्धा पाहिलं होतं. मेट्रन सोडून सगळ्यांनी पाहिलं होतं. हे त्या दिवशी सांगितलं असतंत तर?"

"त्या दिवशी सुई वाटली."

डॉक्टरीणबाईंनी खोटा दिलासा दिला नाही. म्हणाल्या, त्याचंच असेल असं आत्ता म्हणता येणार नाही. पण असू शकतं, आणि तसं असेल तर कापायची गरज नाही. आज नुसत्या सुईनं गाठीतलं थोडं पाणी घेते, रक्त पाठवते. निकाल यायला आठवडा लागेल. तो आठवडा अवघड जाईल.

"सुईच ना," शिवणबाई म्हणाली. "मग चालेल."

खाली लिफ्टच्या दाराशी, त्यांच्याच जुन्या स्टुलावर लिफ्टवाले बसले होते. नव्या लिफ्टवाल्यानं मानानं बसवलं असणार. मांडीवर तिनं शिवलेली जाड कापडी पिशवी होती, रिकामी, चार घड्या केलेली. तिला चालत येताना पाहून ते उठले. तिनं सगळं सांगितलं. कापलं नाही, रक्त घेतलं, मांजराचंच असेल तर बरं होतं. ते ऐकत होते, पण चेहरा सुटत नव्हता.

"पिशवी कशाला आणलीत?"

"सोडून आलो तिला," ते म्हणाले. "तू निघालीस तशी, बसनं. शेवटच्या थांब्यावर. म्हटलं, घरात एकच राहायचं असेल तर तू राहा."

आठवडा अवघड गेला. डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या गोळ्या पाच दिवसांत संपल्या, ताप उतरला, पण ताप उतरणं म्हणजे काय हे कुणाला कळतंय. रोज सकाळी साबणाचा हात काखेशी आला की ती डोळे मिटायची. लिंबू तिथंच असायचं. लहान झालं असं वाटायचं, मग वाटायचं, आपल्याला हवंय म्हणून वाटतंय. मामा तिला दिवसातून दहादा काहीतरी विचारायचे, सगळं चादरींबद्दल.

निकाल आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला खुर्चीवर बसवून दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा तिला ऐकूच गेलं नाही. मांजराच्या नखातून आलेला जंतूच होता. सुईनं काढलेल्या पाण्यात वाईट काही नव्हतं. गाठ महिना दोन महिन्यांत हळूहळू विरेल, ती विरेपर्यंत तपासायला यायचं. आणि मांजराला घरातून काढायची गरज नाही, त्या म्हणाल्या. जनावरांच्या डॉक्टरांकडून पिसवांचं औषध घ्या, नखं कापत चला. ओरबाडलं तर तेव्हाच साबणानं, वाहत्या पाण्याखाली धुवा, चिंधी गुंडाळून बसू नका. अगदी लहान मुलं, अशक्त माणसं असतील तर जास्त जपावं लागतं. तुम्ही दोघंच आहात ना?

"दोघंच," शिवणबाई म्हणाली.

हे तिनं घरी जाऊन कसं सांगितलं, ते तिलाही नीट आठवत नाही. लिफ्टवाले म्हणाले, म्हणजे तिला घालवायला नको होतं. प्रश्न नव्हता तो, पण ती 'हो' म्हणाली. त्यांनी चपला घातल्या.

तेव्हापासून ते रोज सकाळी सहाला उठतात, कुणी छातीवर न चढता, आणि पहिल्या बसनं जातात. शेवटच्या थांब्यामागे एक पडकं गोदाम आहे. तिथं पुष्कळ मांजरं आहेत, काळी, पिवळी, एक लंगडी. तिथला चहावाला त्यांना ओळखायला लागला आहे. संध्याकाळी कधी कधी तीही बरोबर जाते.

कपडेखान्यात शिवणबाईनं डगल्याच्या उजव्या काखेतही कळी घातली. दोन्ही बाह्या सारख्या दिसाव्यात म्हणून, एवढंच ती मामांना म्हणाली. आणि आता पेशंटच्या झग्यांचे बंद ती मापापेक्षा वीतभर लांब कापते. वरून कुणी विचारलेलं नाही. मामांना मात्र घडी नव्यानं बसवावी लागली. लांब बंद आत दुमडून, टोकं वर काढून. त्यांनी बंद हातात धरले, तिच्याकडे एकदा बघितलं आणि घडी घातली.

काल संध्याकाळी दोघं गोदामाच्या कट्ट्यावर बसली होती. लिफ्टवाले हाक मारत होते, फार मोठ्यानं नाही, लाजल्यासारखी. बॉबीन, बॉबीन. मधे थांबून ऐकायचे. पत्र्यांच्या मागं काहीतरी राखी हललं, निदान तसं वाटलं. मांजर घाबरलेलं असलं की तोंड मिटलेल्या पिशवीत शिरत नाही, हे चहावाल्यानं सांगितलं होतं. शिवणबाईनं पिशवी मांडीवर घेतली आणि तिचं तोंड दोन्ही हातांनी उघडं धरलं, उंच, दिसेल असं. बराच वेळ. डावा हात आता वर धरून दुखत नव्हता.